न मारलेली हाक

१

युनशी गढी या डोंगरातल्या गावात नवं वर्ष फटाक्यांनी सुरू होत नसे. फटाके काय, पोरं आठवडाभर आधीपासून वाजवत असत. वर्ष सुरू व्हायचं ते हू आबांनी पेटी उघडली की. पूर्वजांच्या देवळाच्या माळ्यावर कापराच्या लाकडाची लांबलचक पेटी होती. खेळ करणाऱ्या मेळ्याचे म्होरके म्हणून हू आबा कोंबड्याच्या तुऱ्याला चिमटा काढून रक्ताचा ठिपका झाकणाला लावायचे, लाल कागदाची मोहोर फाडायचे आणि आतले चेहरे एकेक करून बाहेर काढायचे. त्यांना मुखवटे म्हटलेलं आबांना खपत नसे.

"मुखवटे जत्रेत मिळतात, प्लास्टिकचे," ते म्हणायचे. "हे चेहरे आहेत. आपण नुसती अंगं, तीही भाड्याची."

चेहरा कपाळावर बांधायचा आणि तोंडावर काळी जाळी सोडायची. खेळ व्हायचा कापणी झालेल्या भाताच्या वावरात, भर दुपारी, आणि गाव बसायचं वर डोंगराच्या उतारावर, म्हणून लाकडी चेहरा आभाळाकडे कललेला. लांबून ओळखायचं ते भुवयांवरून. तरण्या वीराच्या भुवया बाणासारख्या सरळ, बायकांच्या दोऱ्यासारख्या बारीक, तापट सरदारांच्या जाळासारख्या वर उठलेल्या. भुवया पाहिल्या की मारणार कोण आणि मरणार कोण हे शेंबड्या पोरालाही कळायचं.

कथाही दर वर्षी तीच. खिंडीचा तांबड्या दाढीचा सरदार थोरल्या सेनापतीला कपटाने मारतो, आणि शेवटच्या दिवशी धाकटा सेनापती त्याला भाला घालून भावाचा सूड घेतो. सहाशे वर्षांपूर्वी बादशहाच्या फौजेबरोबर आलेले इथले लोक. त्यांना लढाईशिवाय दुसरी गोष्ट आवडतच नव्हती.

धाकट्या सेनापतीचा चेहरा थ्येन घराण्याचा. आधी तो यूशान बांधायचा, तो गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ चंगलू. आणि तांबड्या दाढीचा सरदार व्हायचा यान वनकुई, म्हणजे चंगलूच्या बहिणीचा नवरा. गावाला तर चेष्टेला आयतंच सापडलं होतं.

"काय रे चंगलू, दाजींना जेवायच्या आधी मारणार की नंतर?"

"नंतर. रिकाम्या पोटी मेले तर अक्का माझ्या नावाने खडे फोडेल," असं काहीतरी चंगलू म्हणायचा आणि लोक हसायचे. त्याच्या पोटात काय शिजत होतं ते कुणाला दिसत नव्हतं.

मैदानात पडलेल्या माणसाबद्दल एकच नेम होता. मारणाऱ्याने त्याच्यापाशी गुडघे टेकायचे, काळी जाळी बाजूला करायची, लाकडी चेहरा दोन्ही हातांनी उचलायचा आणि त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची: अमुक, ऊठ, घरी चल, भात निवतोय. ज्याने पाडला त्यानेच हाक मारायची. बायको, आई, आबा, कुणाचीही हाक चालायची नाही. हाक न मारता कुणाला ठेवलं तर काय होतं, हे कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण तसं कधी कुणी केलंच नव्हतं.

२

यूशान आणि वनकुई छपराच्या फरश्यांच्या खाणीत एकत्र जायचे. एका सकाळी आतलं छत बसलं आणि धुळीतून वनकुई एकटा बाहेर आला.

"यूशान जागच्या जागी गेला," तो म्हणाला. "डोक्यावरच आली शिळा. हूं की चूं केलं नाही त्याने."

मेलेल्या माणसासाठी कोण घाई करतं? छत अजून कुरकुरत होतं. आधी लाकडी टेकू आणा, मग बघू, असं ठरलं. टेकू यायला बरेच दिवस गेले. वाट मोकळी झाली तेव्हा यूशान वनकुईने दाखवलेल्या जागी नव्हताच. तो सापडला पार अलीकडे, खाणीच्या तोंडाजवळच्या ढिगाऱ्याला चिकटून बसलेला.

प्रेताला आंघोळ चंगलूने घातली. भावाची बोटं पाहिली आणि त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. नखं नव्हतीच. पेरं घासून घासून हाडापर्यंत गेली होती. चंगलूने ते हात पांढऱ्या कापडात गुंडाळले, घट्ट गाठी मारल्या आणि कुणालाही दाखवले नाहीत. बहिणीला, लानफन अक्कालाही नाही. तिला त्या माणसाच्या घरात जन्म काढायचा होता.

तेव्हापासून एकच गोष्ट त्याला खात होती. वनकुई सरळ पळत सुटला होता, की थांबून आतली हाक ऐकून मग बाहेर आला होता? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तरी खरं कोण सांगतं? म्हणून दर वर्षी तो मैदानात भाला घालायचा, आणि दर वर्षी हाक मारून त्याला उठवायचा. अक्का उतारावर बसून शेंगा सोलत नवऱ्याला मरताना आणि उठताना पाहायची.

त्या वर्षीही सगळं रीतसर झालं. ढोल, झांज, पाठीवरचे झेंडे, मुकुटाची लांब पिसं. भाल्याचं टोक छातीला टेकलं आणि वनकुई पेंढ्यावर उताणा पडला. चंगलूने गुडघे टेकले, जाळी सारली, तांबडी दाढी आणि उठलेल्या भुवया उचलून बाजूला धरल्या. खाली दाजींचं घामेजलेलं तोंड. डोळे उघडे. ते हाकेची वाट पाहत होते.

यूशाननेही अशीच वाट पाहिली असेल, हे चंगलूच्या मनात आलं. आधी ठरवलं नव्हतं काही. पण ते आलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. त्याने नुसते ओठ हलवले. मग ढोलवाल्याला हात वर करून खूण केली. ढोल वाजला, उतारावर फटाक्यांची माळ लागली, आणि बायकांचा कलकलाट तर सकाळपासून चालूच होता. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

वनकुईच्या डोळ्यांतलं वाट पाहणं मात्र हळूहळू गेलं. डोळे उघडेच राहिले. मग तो उठून बसला, अंगावरचा पेंढा न झटकता उभा राहिला आणि मैदानाबाहेर चालत गेला. संध्याकाळच्या आत आबांनी चेहरे कापसात गुंडाळून पेटीत ठेवले आणि नवी मोहोर लावली.

चंगलूला मनातून फार बरं वाटलं. लपवण्यात काय अर्थ आहे, आनंदच झाला त्याला.

३

खेळ संपला की पडलेल्याच्या घरी मारणाऱ्याने जेवायला जायचं, वैर मैदानातच राहावं म्हणून. लानफनने धुरावलेलं डुकराचं मांस, मिरचीतलं टोफू आणि तांदळाचे भाजलेले वडे केले होते. मेळ्यातली माणसं मक्याची दारू घेऊन अंगणाच्या कडेने बसली होती. वनकुई सगळ्यांत शेवटी आला.

दारात तो थांबला. उजवा हात डोक्याच्या वर नेला, काहीतरी लांबलचक बाजूला धरल्यासारखं केलं, मान वाकवली आणि आत आला. मुकुटाची पिसं चौकटीला अडकू नयेत म्हणून खेळात करतात तसं. डोक्यावर काहीच नव्हतं. घामाने चिकटलेले केस तेवढे होते.

"दाजी, पिसं पेटीत गेली," चंगलू म्हणाला. "आता सरळ आलात तरी चालेल."

लोक खो खो हसले. वनकुई हसला नाही, रागावलाही नाही. बोलणारा कोण ते पाहावं तसं त्याने पाहिलं, आणि मग तो पाहुण्यांच्या बाकावर बसला. स्वतःच्या घरात, पाहुण्यांच्या बाकावर, गुडघे फाकवून, तळवे गुडघ्यांवर ठेवून.

"यजमान कोण?" त्याने विचारलं.

पुन्हा हशा. ढोलवाल्याच्या तर नाकातून दारू आली. लानफनच्या हातात वाढायचा डाव होता, तो तसाच राहिला. ती नवऱ्याच्या पाठीकडे पाहत होती. वनकुईला मणक्याचं दुखणं होतं. बारा वर्षांत तो भिंतीला टेकल्याशिवाय बसला नव्हता. आज भाल्यासारखा ताठ होता.

४

चंगलू टोफू करून विकायचा. नव्या वर्षाचे लाडू-वडे संपून लोक पुन्हा साध्या जेवणावर आले तेव्हा एका सकाळी लानफन त्याच्या चुलीपाशी येऊन बसली. निळ्या झग्याच्या रुंद बाह्यांत तिने हात खुपसले होते.

"झोपत नाहीत रे ते," ती म्हणाली. "पश्चिमेकडे तोंड करून बसतात. मला बाई म्हणतात. अगं बाई नव्हे, नुसतं बाई, परक्या बाईला म्हणतात तसं. म्हैस त्यांना बघून दावं तोडते."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"तालुक्याला नेलं. गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणाला दारू बंद करा. दारूला तर शिवतच नाहीत. काल सबंध दुपार अंगणात उभे होते. मी म्हटलं, काय बघताय? म्हणाले, वाट किती रुंद आहे ते."

चंगलू फडक्यातून सोयाबीनचं दूध पिळत राहिला. त्याला वाटलं, नाटक आहे. माझे ओठ नुसतेच हलले हे दाजींनी पाहिलंय आणि आता ते मला खेळवताहेत. बोलता येत नाही म्हणून असा सूड उगवताहेत. हा विचार त्याला पटला, कारण तो स्वतः तसंच वागला असता. तरी दूध पिळताना त्याचे हात उगाचच जास्त आवळले गेले.

"चंगलू, तू हाक मारली होतीस ना?"

"मारली की."

"मोठ्याने?"

"ढोल चालू होता, अक्का. तुला वर कुठून ऐकू येणार?"

ती तशीच उठून गेली. जाताना टोफूचा तुकडा घ्यायलाही विसरली. तिच्यासाठी काढून ठेवलेला होता.

दुपारी देवळापाशी हू आबा भेटले. माळ्यावर उंदीर झालेत म्हणाले. पेटीच्या आत खरवडतात, दिवसाढवळ्या. मोहोर लावलेली, फट म्हणून नाही, उंदीर शिरले कुठून तेच कळत नाही.

"मांजर सोडा," चंगलू म्हणाला.

"सोडलं. ते शिडीवरनंच परत फिरलं."

चंगलू हसला आणि घरी आला. घरी आल्यावर त्याने हात धुतले, आणि धुताना आपली नखं पाहिली, आणि मग आपण नखं का पाहतोय म्हणून स्वतःवरच चिडला.

५

शेवटी न राहवून तो अक्काकडे गेला. वनकुई अंगणात उन्हात बसला होता. मांडीवर वेळूची लांब काठी, हातात कोयता. काठीचं टोक तो शांतपणे तासत होता. तासलेली पट्टी गळून पडायची, तो थांबायचा, टोकाला बोट लावायचा आणि पुन्हा सुरू.

"दाजी, पुरे झालं आता," चंगलू त्याच्यासमोर उकिडवा बसला. "मला समजलंय. चेष्टा समजलीय. अक्काचे हाल नका करू."

वनकुईने वर पाहिलं. चेहरा वनकुईचाच, हनुवटीवरचा तीळही जागेवर. फक्त भुवया. माणसाच्या भुवया बोलताना हलतात, कधी वर जातात कधी खाली. या वर होत्या आणि वरच राहिल्या.

"आलास," तो म्हणाला. आवाज दाजींचाच, पण शब्द ढोलाच्या ठेक्यावर टाकल्यासारखे. "दर वेळी येतोस तू."

चंगलूने विचारलंच. एवढी वर्षं जे विचारलं नव्हतं ते.

"यूशान आठवतो?"

"कोण तो?"

"माझा थोरला भाऊ."

"तुझा थोरला भाऊ मीच मारला," वनकुई म्हणाला, आज हवा बरी आहे म्हणावं तसं. "खिंडीत. दर वर्षी मारतो, आणि दर वर्षी तू येऊन मला पाडतोस. मग वाकतोस. मला वाटतं आता मला हाक मारशील. तू हाक मारतोस त्याला, हा जो माझ्याखाली असतो त्याला. तो उठून जेवायला जातो. मी तसाच पडलेला."

कोयता पुन्हा काठीवर चालू लागला.

चंगलू ताडकन उठला. हा वेडाचा झटका आहे, खेळाची भाषा डोक्यात शिरलीय, असं त्याची अक्कल सांगत होती, पण पाय तिचं ऐकायला तयार नव्हते. तो दोन हात मागे सरकला आणि सगळं बळ एकवटून मोठ्याने म्हणाला, "वनकुई, ऊठ, घरी चल, भात निवतोय."

काठी तासणाऱ्याने मान वळवून मागे पाहिलं. नक्की कुणाला बोलावताहेत ते पाहण्यासाठी. मागे कुणी नव्हतं. त्याने खांदे उडवले आणि कामाला लागला.

स्वयंपाकघराच्या दारात लानफन उभी होती. तिने चंगलूला दंडाला धरून परसात ओढलं.

"आज मारलीस. म्हणजे त्या दिवशी मारली नव्हतीस."

चंगलूने दंड सोडवून घेतला.

"का?"

"तुला काय माहीत आहे अक्का त्या माणसाबद्दल?"

"मला काही सांगू नकोस," ती दबक्या आवाजात म्हणाली, पण प्रत्येक शब्द थप्पड मारल्यासारखा. "वाईट असेल, चांगला असेल, माझा नवरा आहे. माझ्या हातचं खातो, घोरतो, मणका दुखतो म्हणून रडतो. आता घरात कुणीतरी परका पुरुष वावरतोय आणि मी त्याला जेवण वाढतेय. रात्री मी म्हशीपाशी निजते, चंगलू. जा, त्याला घेऊन ये. कुठे सोडलास तिथून आण. नंतर तुला काय सांगायचं ते सांग."

"अक्का..."

"आधी आण."

६

हू आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते पांढरेफटक पडले. मोहोर वर्षाच्या आत फाडायची नसते, हे त्यांनी त्याला शिकवलेलं. आता त्यांनीच देवळाची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"तू मला काही सांगितलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले. "चेहऱ्यावर वाकून हाक मार. झाकण फार वेळ उघडं ठेवू नकोस."

भर दुपारची वेळ होती. फरशीच्या छपराच्या फटींतून उन्हाचे पट्टे माळ्यावर पडले होते. चंगलू शिडी चढून वर आला आणि जागीच थांबला. खरवडण्याचा आवाज येत होता. उंदीर कुरतडतो तेव्हा घाईने कुरतडतो. हे घाईचं नव्हतं. थोडा वेळ खरवडायचं, थांबायचं, पुन्हा त्याच जागी. दमलेल्या माणसासारखं.

त्याने मोहोर फाडली आणि झाकण उचललं. आवाज थांबला. कापसात गुंडाळलेले चेहरे ओळीने पडलेले. त्याचा स्वतःचा, बाणाच्या भुवयांचा, सगळ्यांत वर. तो त्याने बाजूला केला. त्याखाली तांबडी दाढी. तिच्यावरचा कापूस तोंडापाशी ओला झाला होता, आणि बघता बघता त्याचा तेवढा भाग आत ओढला गेला आणि पुन्हा फुगला.

"कोण आहे?" कापसातून आवाज आला. दाजींचा. खरा, रडका, घाबरट. "वर कुणी आहे का? इथे काळोख आहे. काहीतरी फार जड पडलंय माझ्यावर."

चंगलू गुडघ्यांवर बसला. एक वाक्य बोलायचं होतं. त्यासाठीच तो आला होता.

"मी चंगलू," तो म्हणाला.

"चंगलू! अरे बाबा, किती हाका मारल्या. पावलं ऐकू येतात खाली. लोक बोलतात, झाडतात, जातात. कुणी वर येत नाही. मला काढ."

"काढतो. एक सांगा आधी." त्याचा स्वतःचा आवाज त्याला कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. "खाणीतून बाहेर आलात त्या दिवशी आतून आवाज येत होता का?"

कापूस हलायचा थांबला.

"सांगा, दाजी."

"येत होता," आवाज म्हणाला. आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. "माझं नाव घेऊन ओरडत होता. मी दोन दगड काढले. छत कुरकुरलं आणि मी भ्यालो. बाहेर आलो, लोकांनी विचारलं, आणि तोंडातून निघून गेलं की मेला. एकदा बोलल्यावर कसं फिरवणार? आणि फिरवलं असतं तर मलाच आत जावं लागलं असतं दाखवायला. रोज संध्याकाळी जायचो मी तिथे. कान लावायचो. वाटायचं, आज थांबला असेल. नव्हता थांबत रे. फार चिवट होता तुझा भाऊ. आता काढ मला, चंगलू, मी गावासमोर सांगतो, म्हणशील त्याच्या पाया पडतो."

चंगलूला हवं होतं ते मिळालं होतं. एवढ्या वर्षांचा तो काटा निघाला, आणि निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं की जागा रिकामी झालेली नाही. तिथे नुसता जाळ होता. त्याने हाकेसाठी तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. मग दोन्ही हातांनी झाकण खाली घेतलं. सावकाश, जराही आवाज न करता. आणि त्यावर बसला.

शिडीच्या तोंडाशी लानफन उभी होती. अर्धी वर, अर्धी खाली. कधीपासून, देव जाणे. तिच्या तोंडावर उन्हाचा पट्टा पडला होता आणि ती डोळे मिचकावत नव्हती.

"रोज संध्याकाळी," ती म्हणाली. "मला सांगायचे, पाय मोकळे करून येतो. आल्यावर दोन वाट्या जास्त भात खायचे."

"अक्का, मी तुला..."

"हात का बांधले होतेस यूशानचे? आंघोळ घालून आणलास तेव्हा. मी विचारलं तर म्हणालास, रीत आहे."

चंगलूने मान खाली घातली. ती वर आली. आता ही मला ढकलेल, झाकण उघडेल, असं त्याला वाटलं, आणि तिने ढकललं असतं तर तो उठलाही असता. आतून बोटांचा आवाज सुरू झाला होता. दाजी तिचं नाव घेत होते. तिचा आवाज ओळखून, लहान मुलासारखे, पुन्हा पुन्हा. लानफनने निळा झगा गुडघ्यांपाशी सावरला आणि ती भावाशेजारी झाकणावर बसली.

खालून हाक येत होती आणि लाकडातून तिची थरथर मांड्यांना लागत होती.

मग शिडी करकरली. कुणीतरी चढत होतं, प्रत्येक पायरीवर पाऊल आपटून, घाई न करता. आधी वेळूचं तासलेलं टोक वर आलं. मग कपाळ आणि त्या भुवया. तो तेवढाच वर आला, छातीपर्यंत. त्याने पेटीकडे पाहिलं, तिच्यावर बसलेल्या दोघांकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर प्रथमच काहीतरी हललं. फार जुनी ओळख पटल्यासारखं. मग त्याची नजर चंगलूच्या बरगड्यांवर येऊन थांबली, जिथे भाला घालतात त्या जागी, आणि तिथेच राहिली.

"पुढच्या वर्षी, सेनापती," तो म्हणाला. "पेटी उघडली की."

"तुम्ही घरी व्हा," लानफन त्याला म्हणाली. शांतपणे, पाहुण्याला म्हणावं तसं. "मी येते वाढायला."

तो उतरून गेला. पावलं फरसबंदीवरून दाराकडे गेली.

चंगलूला आता कळलं. हा उगाच तासत नव्हता काठी. मैदानात हा मला पाडेल, आणि मग माझ्यावर वाकायचं कुणी, तर यानेच. हे असं मरणं होतं की ज्यातून कुणी उठवत नाही. त्याने हे अक्काला सांगितलं नाही. ती आधीच त्याच्याकडे पाहत होती.

"अजून वेळ आहे," ती म्हणाली. "झाकण उघड, एकदा हाक मार, हा परत पेटीत जाईल. तू वाचशील. मी अडवणार नाही."

"आणि तू?"

"मी उठत नाही. तुला हवं तर मला बाजूला करावं लागेल."

आतला आवाज आता घोगरा झाला होता. चंगलूने तो जरा वेळ ऐकला. मग पाय वर घेतले आणि झाकणावर नीट मांडी घालून बसला.